कॅमेरा कुणाकडे बघणार?

आमच्या घरात नेमबाजी आली ती लेकीमुळे आणि ॲक्शन कॅमेरा आला तो माझ्या धाकट्या दिरामुळे. लेक दहा मीटर एअर रायफल शिकते. दीर शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत इंजिनिअर आहेत आणि सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन घाट उतरतात, कॅमेरा हेल्मेटवर लावून. पुतणीच्या सरावाचंही चित्रण व्हावं म्हणून ते एक दिवस डोक्याचा पट्टा, छातीचा पट्टा, नळीला लावायचा क्लॅम्प असं सगळं घेऊन कोल्हापुरातल्या आमच्या रेंजवर आले. तिथे तिच्या प्रशिक्षक मॅडमनी त्यांना थांबवलं. मग ऑफिसात चहावर जे बोलणं झालं ते इथे देते आहे. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांपुढे आज ना उद्या हा प्रश्न येणारच. माझा कल मॅडमकडे आहे हे आधीच सांगते. पण भाऊजींचे सगळेच मुद्दे खोडून निघाले नाहीत.

काका : मॅडम, मला एवढंच सांगा, हरकत नेमकी कशाला आहे? कॅमेरा दीडशे ग्रॅमचा. कपाळावर पट्ट्याने बसतो. तिला जे दिसतं ते तुम्हाला दिसेल. प्रशिक्षकाला याहून जास्त काय हवं?

मॅडम : तिला जे दिसतं ते त्याला दिसत नाही, ही पहिली हरकत. ती मागच्या साइटच्या बारीक भोकातून बघते. त्यातून पुढच्या साइटची रिंग, रिंगच्या मधोमध टार्गेटचा काळा गोल. डोळा भोकाच्या अगदी पाठीमागे, दर शॉटला त्याच जागी. तुमचा कॅमेरा त्याच्या वर कपाळावर. त्याला साइटची पाठ दिसेल, नळी दिसेल आणि लांब कुठेतरी पांढरा ठिपका.

काका : पण फोर-के आहे. झूम करून बघता येईल.

मॅडम : करा हिशोब. दहाची रिंग अर्ध्या मिलिमीटरची आहे, दहा मीटरवर.

भाऊजींनी खरंच फोन काढला. लेन्स साधारण १२० अंशांची, आडवे पिक्सेल ३८४०. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला अंशाचा बत्तिसावा भाग. दहा मीटरवर तो होतो साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. टार्गेटचा अख्खा काळा भाग साडेतीस मिलिमीटरचा, तो पाच-सहा पिक्सेलमध्ये संपतो. दहाची रिंग एका पिक्सेलच्या अकराव्या हिश्शाएवढी. ते आकडा बघत थोडा वेळ गप्प बसले. त्यांची ही गोष्ट मला आवडते. गणित विरुद्ध गेलं तरी ते मान्य करतात.

काका : ठीक. नेम त्याच्यात दिसणार नाही. पण रायफल हलते ते तर दिसेल?

मॅडम : तुमच्या घाटातल्या व्हिडिओत रस्ता एवढा खडबडीत असून चित्र कसं गुळगुळीत येतं?

काका : स्टॅबिलायझेशन आहे ना. कॅमेरा हादरे ओळखतो आणि चित्र तेवढं उलटं सरकवून…

मॅडम : झालं तर मग. मला तिचं हलणंच बघायचं आहे आणि तुमचा कॅमेरा नेमकं तेच पुसून देतो. चांगली होल्ड नसलेलं पोरही त्यात खांबासारखं उभं दिसेल. पालक खूश होतील, पोर खूश होईल आणि मॅचमध्ये आठ पूर्णांक काहीतरी आलं की सगळे रायफलला दोष देतील.

काका : ते बंद करता येतं, मॅडम. सेटिंगमध्ये जाऊन.

मॅडम : मग पहिलं काम ते करा. कॅमेरा कुठेही लावा, ते आधी बंद.

इथे एक गोष्ट माझ्याकडून. स्टॅबिलायझेशन बंद करायचं ही बाब कॅमेऱ्याच्या जाहिरातीत कुणी सांगणार नाही, कारण विकत घेणाऱ्या बहुतेकांना तेच हवं असतं. नेमबाजाला नको असतं. एखाद्या घरात असा कॅमेरा आधीच आला असेल तर आजच्या आज एवढं एक बटण बघावं.

काका : बरं, डोकं नको म्हणता, मग छाती? छातीवरून हात दिसतील.

मॅडम : उभ्या पोझिशनमध्ये रायफल धरलेला डावा हात कुठे असतो ते बघितलंय तुम्ही? कोपर बरगड्यांवर किंवा कमरेच्या हाडावर टेकलेलं असतं. रायफलचं वजन स्नायूंनी नाही, हाडांनी पेलायचं म्हणून. तुमचा कॅमेरा बरोबर त्या हाताच्या आड येतो. एक तर त्याला बाही दिसेल, नाहीतर कोपर जागेवरून सरकेल. आणि छातीचा पट्टा जॅकेटवरून आवळला तर जॅकेटचं काम बदलतं. स्पर्धेत त्या जॅकेटची जाडी मोजतात, अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही. शरीराला कृत्रिम आधार देणारे पट्टे चालत नाहीत. मग सरावात ती सवय कशाला लावायची?

काका : आणि नळीला क्लॅम्प लावला तर?

मॅडम : एअर रायफल सगळं धरून साडेपाच किलोच्या आत लागते. दीडशे ग्रॅम पुढे टोकाला लावले की तोल पुढे जातो. रायफल वेगळीच वाटू लागते. काही जण मुद्दाम पुढे वजनं लावतात, ते वेगळं. तिथे किती लावायचं, कुठे लावायचं, सगळं ठरवून असतं. कॅमेऱ्याचं वजन सरावात असणार आणि मॅचमध्ये नसणार.

इथे भाऊजींनी चांगली खेळी केली.

काका : मग स्कॅट कशाला लावता नळीला? मागच्या आठवड्यात वहिनींनी मला दाखवलं होतं. तो पण कॅमेराच आहे की!

मॅडम हसल्या आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्यांनी लेकीच्या मागच्या सरावाचा आलेख उघडला. नळीला लावलेला तो छोटा सेन्सर टार्गेटकडे बघत असतो आणि रायफल कुठे-कुठे फिरली त्याची रेघ पडद्यावर काढत जातो. शॉट सुटण्याआधीचा शेवटचा सेकंद वेगळ्या रंगात येतो. माझ्या लेकीची रेघ वरून येते, काळ्या गोलात शिरते, मध्यावर गाठ बांधल्यासारखी घुटमळते आणि अगदी शेवटी उजवीकडे शेपूट काढते. ते शेपूट म्हणजे ट्रिगर दाबताना मनगटाने दिलेला धक्का. एवढं बारीक मी तरी दुसऱ्या कशात बघितलेलं नाही.

मॅडम : बरोबर बोललात तुम्ही. नळीला काही लावणं हे पाप नाही. पण याची नजर अरुंद आहे. हा जग बघत नाही, फक्त टार्गेट बघतो आणि मोजतो. तुमचा कॅमेरा सगळं बघतो, म्हणून एवढं बारीक त्याला दिसत नाही. आणि हेही रोज लावत नाही मी.

काका : म्हणजे ॲक्शन कॅमेरा नेमबाजीत बिनकामाचा?

मॅडम : असं कुठं म्हटलं मी? शॉटगनवाल्यांना विचारा. ट्रॅप, स्कीटमध्ये टार्गेटही उडतं आणि बंदूकही फिरते. उडत्या चकतीच्या किती पुढे नळी होती आणि शॉट मारल्यावर नळी थांबली की फिरत राहिली, हा त्यांच्याकडे कळीचा प्रश्न. तिथे नळीला कॅमेरा लावला तर उत्तर मिळतं. तो नळीच्या खाली बसतो म्हणून थोडा फरक धरावा लागतो, आधी जुळवून घ्यावा लागतो. पण चकती ११० मिलिमीटरची असते, अर्ध्या मिलिमीटरची नाही. आमच्याकडे सगळं उलटं. आमचं टार्गेट जागचं हलत नाही. हलतो तो आमचा माणूस. मग बघायचं कुणाकडे?

काका : माणसाकडे.

मॅडम : मग कॅमेरा माणसाच्या अंगावर बसवून माणूस दिसेल कसा?

मला वाटतं सगळ्या वादाचा कणा इथेच होता. अंगावर लावायचे हे कॅमेरे मुळात आले कुठून, ते बघितलं तर गोष्ट उलगडते. गोप्रो काढणारा निक वुडमन स्वतः सर्फिंग करायचा. लाटेवर असताना आपला फोटो काढायला जवळ कुणी असूच शकत नाही, या अडचणीतून त्याने मनगटाला बांधायचा कॅमेरा काढला. २००४ साली बाजारात आलेल्या त्या पहिल्या कॅमेऱ्यात साधी फिल्म होती. लाटेवर, बर्फाच्या उतारावर, घाटातल्या सायकलवर ही अडचण खरीच आहे. नेमबाज मात्र सव्वा तास एका जागी उभा असतो. त्याच्या मागे, बाजूला, हवं तिथे तिपाई ठेवता येते.

मॅडम : पॅरिस ऑलिंपिकमधला तुर्कस्तानचा युसूफ दिकेच आठवतो? मिश्र सांघिक पिस्तूलमध्ये रौप्यपदक मिळवलं, एक हात खिशात. जगभर तो फोटो फिरला. लोक म्हणाले, बघा, काही साधनं नाहीत, आला आणि मारून गेला. अहो, कानात बोळे होते त्याच्या. आणि खिशात हात घालणं ही पिस्तूलवाल्यांची रोजची रीत आहे, मोकळा हात डोलू नये म्हणून. पण तो फोटो बघून मी माझ्या पोरांना खूप शिकवलं. मान किती सरळ, खांदा किती सैल, दोन्ही पायांवर वजन कसं सारखं. हे सगळं बाजूने काढलेल्या फोटोत दिसलं. त्याच्या डोक्यावर कॅमेरा असता तर काय दिसलं असतं? पिस्तूल आणि टार्गेट.

काका : पिस्तूलवाल्यांना तरी तो उपयोगी असेल. त्यांच्या साइट उघड्या असतात, भोकातून बघायचं नसतं.

मॅडम : त्यांना तर जास्त नुकसान. पिस्तूलमध्ये नजर पुढच्या साइटवर खिळवायची, टार्गेट पुसट दिसलं पाहिजे. सहा महिने आम्ही पोरांना तेच सांगत असतो, की टार्गेटच्या मोहात पडू नका. तुमच्या कॅमेऱ्यात हातापासून भिंतीपर्यंत सगळंच स्वच्छ येतं. ते चित्र रोज बघितलं की पोराला वाटतं, आपल्यालाही असंच दिसायला हवं.

हे मला नवीन होतं आणि पटलं. डोळा एका वेळी एकाच अंतरावर ठरतो. त्या लहानशा लेन्सला तशी निवड करावीच लागत नाही.

भाऊजींनी आता सूर बदलला, आणि माझ्या मते इथे त्यांची बाजू वरचढ झाली.

काका : मॅडम, तुम्ही इथे आहात म्हणून हे चालतं. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. २०२४ मध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्यपदक आणलं. आज त्या तालुक्यातल्या एखाद्या पोरीला शिकायचं असेल तर तिने रोज कोल्हापूरला यायचं कसं? घरी ड्राय फायरिंग करणार ती. भिंतीवर टार्गेट चिकटवणार आणि गोळीशिवाय सराव करणार. चुकीचं उभं राहिली तर पुढच्या रविवारपर्यंत तेच घोटत बसणार. तिने दोन मिनिटांचं चित्रण तुम्हाला पाठवलं तर?

मॅडम : (थोडा वेळ थांबून) पाठवावं. नक्की पाठवावं. हे मी आत्ताच का करत नाही, असं तुम्ही विचारायला हवं मला. बाहेरगावची चार पोरं आहेतच माझ्याकडे.

काका : मग सांगा, कुठे लावायला सांगाल त्यांना?

मॅडम : मागे. कमरेच्या उंचीवर, अडीच-तीन मीटर लांब. जवळ ठेवला तर रुंद लेन्समध्ये जवळचं कोपर भोपळ्याएवढं आणि पाय काडीएवढे दिसतात. लिनिअर का काय मोड असतो ना, तो. आणि फ्रेममध्ये ओळंबा लटकवायचा.

काका : ओळंबा?

मॅडम : गवंड्याचा. दोरी आणि वजन. नेमबाजाच्या बाजूला, ती उभी असते त्याच अंतरावर, छताला टांगायचा. उभ्या पोझिशनमध्ये पाठ मागे आणि बाजूला झुकते, ती झुकायलाच हवी, कारण पुढे साडेपाच किलो धरलेले असतात. प्रश्न असा, की पहिल्या शॉटला जेवढी झुकली तेवढीच चाळिसाव्याला आहे का? नुसत्या डोळ्याला हे कळत नाही, मलाही नाही. दोरी फ्रेममध्ये असली की दोन चित्रं शेजारी ठेवून मोजता येतं. जमिनीवर तिपाईच्या पायांची आणि बुटांची जागा चिकटपट्टीने आखून ठेवायची. उद्याचं चित्र आजच्या जागेवरून काढलं नाही तर तुलना फुकट.

दुसरी जागा त्यांनी सांगितली ती उजव्या हाताच्या बाजूने, ट्रिगरच्या उंचीवर. तिथे वेग वाढवून घ्यायचा, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रं. भाऊजींनी इथे मोलाची भर घातली. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा मंद-तेज होते. कॅमेरा सेकंदाला २४० चित्रांवर ठेवला तर व्हिडिओ लुकलुकतो. सेटिंगमध्ये पन्नास हर्ट्झ निवडून २०० वर घेतला तर लुकलुक कमी होते. त्या वेगाला दर चित्र पाच मिलिसेकंदांचं. एअर रायफलचा पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या पुढे जातो, म्हणजे दहा मीटरला साधारण सहा शतांश सेकंद, बारा चित्रं. तेवढ्या वेळात बोट ट्रिगरवर दाबलेलंच राहिलं की झटक्यात उचललं गेलं, हे दिसतं. मॅडम ज्याला फॉलो थ्रू म्हणून रोज ओरडतात ते हेच. हे ऐकून त्या वही काढून लिहू लागल्या. बंद हॉलमध्ये वारा नसतो, म्हणून हे कॅमेरे तापून बंद पडतात, तेव्हा अख्खी मॅच नको, दहा शॉट पुरेत, असंही भाऊजींनी सांगितलं.

मग लेक बोलली. तोवर ती दाराशी उभी राहून ऐकत होती.

लेक : काका, तुम्ही मगाशी नुसता समोर धरला होतात ना, तेव्हा मी गोळी सोडतच नव्हते. वाटायचं अजून चांगलं येऊ दे. धरून धरून हात थरथरायला लागला.

मॅडम : ऐकलंत? आठ-दहा सेकंदांत शॉट गेला नाही तर खाली घ्यायची रायफल. दम कमी पडतो, डोळा थकतो, जुनंच चित्र दिसत राहतं. कॅमेरा आहे म्हटल्यावर पोरं हा नियम मोडतात. म्हणून माझ्या दोन अटी. लाल दिवा आणि आवाज बंद. तो दिवा शेजारच्या लेनमधल्या पोराच्याही डोळ्यात जातो. आणि कॅमेरा चालू कधी आणि बंद कधी, हे तिला सांगायचं नाही. पंधरा दिवस नुसता उभा राहू दे तिथे.

काका : आणि शॉट झाला की लगेच बघायचा?

मॅडम : अजिबात नाही. आधी कॉल. शॉट सुटताक्षणी तिने सांगायचं, कुठे गेला. उजवीकडे, नऊ पूर्णांक आठ, असं. वहीत लिहायचं, मगच मॉनिटर. आपल्या अंगाला काय कळलं ते तिला ओळखता आलं पाहिजे. स्पर्धेत तिच्याजवळ कॅमेरा नसणार, मीही नसणार. व्हिडिओ संध्याकाळी, घरी, वही शेजारी घेऊन.

सुरक्षेबद्दल मात्र मॅडमनी चर्चा ठेवलीच नाही, आणि ते योग्यच. कॅमेरा फायरिंग लाइनच्या पुढे ठेवायचा असेल, चेहरा किंवा गाल चीकपीसवर कसा टेकतो ते समोरून बघायचं असेल, तर रेंज थांबवायची, सगळ्यांच्या रायफली रिकाम्या, सेफ्टी फ्लॅग आत, मगच एकाने पुढे जायचं. रायफल भरलेली असताना कॅमेऱ्याच्या बटणाला हात नाही. पट्टा सैल झाला म्हणून अर्ध्यात हात वर नेणारा नेमबाज त्यांना रेंजवर नको आहे.

काका : सगळं मान्य. पण मॅडम, एक माझंही ऐका. सव्वा तासात साठ शॉट. म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. त्यातले नेम धरायचे दहा सेकंद तुम्ही म्हणता तेवढे. उरलेल्या मिनिटात ती काय करते? कुठे बघते? ते मागच्या तिपाईला कळणार नाही. पस्तीस ग्रॅमचे अंगठ्याएवढे कॅमेरे मिळतात, टोपीला चुंबकाने बसतात. एकदाच लावू द्या. नेमासाठी नाही, नेमाच्या मधल्या वेळासाठी.

मॅडमनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, साध्या सरावात, एकदा.

पुढच्या आठवड्यात तसं केलं. त्या चित्रणात शॉट्सचा भाग निरुपयोगीच निघाला, मॅडमनी सांगितलं तसा. पण मधल्या मिनिटात काय होतं ते आम्हा चौघांनाही माहीत नव्हतं. शॉट झाला की टोपीचा कॅमेरा आधी डावीकडे वळायचा, शेजारच्या लेनच्या मॉनिटरवर, तिथे थांबायचा आणि मग परत यायचा. जवळजवळ दर वेळी. शेजारच्या मुलीला दहा पूर्णांक पाच आले की आमच्या बाईसाहेब पेलेट घाईने भरायच्या, हे त्यात स्वच्छ दिसत होतं.

मॅडमनी दुसऱ्या दिवसापासून तिची लेन बदलून डावीकडे भिंत येईल अशी दिली आणि महिनाभराने परत मधल्या लेनमध्ये आणायचं ठरवलं. भाऊजींनी त्या चित्रणात शेजारच्या मुलीचा चेहरा आणि गुण दिसतात म्हणून तिच्या आईला ते दाखवलं, विचारलं आणि मग पुसून टाकलं. टोपीवरचा छोटा कॅमेरा आता मॅडमच्या कपाटात आहे. बाहेरगावच्या एका मुलासाठी त्यांनी तो मागून घेतला आहे, आणि सोबत ओळंबाही.